ड्युटी संपली की निघता आलं पाहिजे

सोमवारपासून तुझी इंटर्नशिप सुरू होते आहे, म्हणून चार गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. एकदा रुजू झालीस की हे वाचायलाही तुला सवड मिळायची नाही. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातलं हे शेवटचं वर्ष. गुरांचा वॉर्ड, कुत्र्यामांजरांची ओपीडी, पशुधन फार्म, कोंबड्यांची शेड, तालुक्याचा दवाखाना असं फिरत राहशील. यात मैत्रिणी, घर, स्वतःचं काही असं कसं सांभाळू, हे तू परवा फोनवर विचारलंस. आत्या म्हणून खरं तेच सांगते. या वर्षी कामाचं पारडं जडच राहणार, ते समसमान करायच्या मागे लागू नकोस. जनावरांच्या डॉक्टरला वेळ नसतो हे लोक समजून घेतात. ‘बघते’, ‘जमलं तर येते’, ‘या आठवड्यात नक्की’ असं ऐकून ऐकून मात्र त्यांचं मन उठतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही की ज्याची खात्री नाही असा मोठा वेळ कुणाला कबूल करू नकोस. थोडा दे, पण ठरलेला दे. आईला रविवारी रात्री दहा मिनिटं फोन, तो चुकवायचा नाही. जिवलग मैत्रिणीला महिन्यातली एक संध्याकाळ, तारीख आधी ठरवून. आणि जमणार नाही असं दिसलं तर सकाळीच कळवायचं, ती तयार होऊन हॉटेलात जाऊन बसल्यावर नाही. बाकीच्या पंधरा जणांचं काय, असं विचारशील. या वर्षी त्यांच्यासाठी वाढदिवसाचा फोन पुरे. सगळ्यांना थोडं थोडं वाटायला गेलीस तर कुणालाच काही मिळणार नाही, आणि तू दमशील ते वेगळंच.

आता तो ठरलेला वेळ हाती कसा लागायचा? माझ्या अनुभवाने सांगते, तो केसपेपरात असतो. पहिल्या नेमणुकीवर माझ्यासोबत जे पशुधन पर्यवेक्षक होते, ते वयाने वडिलांच्या जागी. दिवसभराच्या केसेसचा कागद पूर्ण झाल्याशिवाय ते मला एसटी पकडू देत नसत. तेव्हा राग यायचा. पण पुढे सगळ्या नोकरीत मी निर्धास्त घरी जाऊ शकले ती त्यांच्या या एका सवयीमुळे.

समज, दुपारी चारला संकरित गाय आली. कालच व्यालेली, सकाळपासून उठत नाही, मान पोटाकडे वळवून बसलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. दुग्धज्वर, हे तुला लांबूनच कळेल. सीनियर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तू कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली शिरेतून सावकाश सोडतेस, दुसरा इंटर्न स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतो आहे. गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि थोड्या वेळाने उठून उभी राहते. मालकाचा चेहरा फुलतो. एव्हाना सहा वाजलेले असतात आणि मैत्रीण पुण्यात वाट बघत असते. इथे बरीच मुलं ‘कॅल्शियम दिलं, गाय उठली’ एवढं खरडून पळतात. मग रात्री साडेदहाला, ताटावर बसलेली असताना फोन येतो की गाय परत बसली. किती दिलं होतं? सगळं शिरेतून की काही कातडीखाली? आधी ताप किती होता? तू जेवण सोडून आठवत बसतेस, आणि समोरची मैत्रीण मोबाइल काढून स्वतःचे मेसेज बघायला लागते.

दुग्धज्वराची गाय काही तासांनी पुन्हा बसू शकते, हे परीक्षेत तूच लिहिलं आहेस. मग कागदावर ते धरूनच लिहायचं. औषध कोणतं, किती, कुठून दिलं. कधी सुरू केलं, कधी संपलं. ताप आणि ठोके, आधीचे आणि नंतरचे. किती वाजता उठली. पुन्हा बसली तर काय द्यायचं, हे सीनियरांना विचारून. उठलीच नाही तर दर काही तासांनी कूस बदलायची, खाली पेंढा जाड घालायचा. पहिले दोनतीन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, हे मालकाला सांगितलं की नाही. मालकाचा नंबर. आणि शेवटची ओळ, रात्री काही झालं तर कुणाला बोलवायचं. त्या ओळीत तुझं नाव नसावं, रात्रपाळीच्या डॉक्टरांचं असावं. हे सगळं लिहून झालं की पुढच्या पाळीच्या इंटर्नला गायीजवळ उभं करून तोंडी सांग. जिन्यात, चालता चालता सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाळी सोपवायला वीस मिनिटं जातील. पण त्यानंतर फोन पर्सच्या तळाशी टाकून जेवायला बसता येतं.

मालकाला तुझा स्वतःचा नंबर देऊ नकोस, दवाखान्याचा दे. तुला हे निष्ठुर वाटेल, कारण तुझा जीव त्या गायीत अडकलेला असतो. पण रात्री दोन वाजता त्याला जागा असलेला आणि औषध हाताशी असलेला माणूस हवा असतो, आणि तो दवाखान्यात आहे.

थांबावंच लागेल असे दिवसही येतील. अडलेली म्हैस आहे, रेडकाचे पुढचे पाय हाती लागले आहेत आणि डोकं मागे वळलेलं आहे, अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नाही. ज्याचे हात कोरडे आहेत त्याला सांगून मैत्रिणीला एक मेसेज टाकायला लाव. घरच्यांना तर आजच सांगून ठेव की फोन उचलला नाही तर काळजी करू नका, माझा हात कामात आहे.

सुट्ट्यांचं कुणी शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. माणसांचे सण आणि जनावरांचे हंगाम एकमेकांवर येतात. आपल्याकडे म्हशी मुख्यतः पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांच्या ऐन मध्ये. मे महिन्यात वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं, आणि पाऊस पडायच्या आत घटसर्प आणि फऱ्याच्या लशी टोचून संपवायच्या असतात तेही तेव्हाच. मुंबईत पोस्टिंग असेल तर संक्रांतीला मांज्याने पंख कापलेले पक्षी येतात. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली, गाडीखाली आलेली कुत्री येतात. तर एकच कॅलेंडर घे आणि त्यावर दोन्ही लिही. कुणाच्या लग्नाची तारीख कळली की पत्रिकेची वाट न बघता त्याच दिवशी लेखी अर्ज दे. सुट्ट्यांचे नियम काय आहेत ते पहिल्या आठवड्यात कार्यालयातून नीट विचारून घे, सीनियर सांगतात त्यावर जाऊ नकोस.

ड्युटी बदलून हवी असेल तर आधी द्यायची आणि मग मागायची. ईदला, नाताळला, कुणाच्या बहिणीच्या साखरपुड्याला तू आपण होऊन उभी राहा. मग तुझ्या मैत्रिणीच्या हळदीला तुझ्या जागी कोण, हा प्रश्न उरत नाही. आणि साथ आली तर हे सगळं कोलमडतं, तेही समजून अस. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा राज्यभर गायीबैलांना शेळीच्या देवीची लस टोचायची मोहीम चालली, आणि आपल्या लोकांच्या सगळ्या तारखा मोडल्या. अशा वेळी मैत्रिणींना गोलमोल सांगू नकोस. साथ आहे, महिनाभर मी भेटणार नाही, असं एकदाच सांगून टाक. झुलवत ठेवलेल्या माणसापेक्षा स्पष्ट नकार मिळालेला माणूस लवकर माफ करतो.

दवाखाना अंगावर घेऊन कुणाच्या घरी जाऊ नकोस, आणि हे मी शब्दशः सांगते आहे. तुझ्या मैत्रिणीने नवीन पिल्लू घेतलंय ना? पार्व्होच्या वॉर्डमधून सरळ तिच्याकडे गेलीस तर बुटांना, कपड्यांना चिकटून विषाणू तिच्या सोफ्यापर्यंत जाईल. साध्या साबणाला तो दाद देत नाही, ब्लीचचं पाणी लागतं. तुझी वहिनी पोटुशी आहे, तेव्हा अ‍ॅप्रन आणि गमबूट घरी आणायचेच नाहीत. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने काढायची नाही, मालक कितीही घाई करो. कालवडींना ब्रुसेलाची लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर लपवू नकोस. ती जिवंत लस आहे, लगेच सांग आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. आणि रेबीजची आधीची लस घेतली नसशील तर सोमवारची वाट बघू नकोस. ती घेतलेली असली तर पुढे कुत्रं चावल्यावर दोनच डोस लागतात, एक लगेच आणि दुसरा तीन दिवसांनी. गायीच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, हात घालून बघा, असं कुणी म्हटलं तर आधी रेबीज आठवायचा, हात नंतर.

तू डॉक्टर होते आहेस म्हटल्यावर मित्रमंडळी फोटो पाठवणार. कुत्र्याचा कान, मांजराची शी, पोपटाचं पीस. दोन प्रश्न विचार: खातंय का, आणि कधीपासून? मग दवाखान्यात पाठव. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे व्यवसाय नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच करायचा असतो, तेव्हा मैत्रीखातर औषध लिहून देऊ नकोस. एक मात्र सगळ्यांना बजावून ठेव, मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. एवढं सांगून झालं की त्या संध्याकाळी तू डॉक्टर नाहीस, मैत्रीण आहेस.

बोलण्याचंही तसंच. दिवसभराचं सांगावंसं वाटणार, आणि सांगावंच. पण पू, वार आणि फुटलेलं पोट हे पंगतीतले विषय नाहीत. ‘आज एक वाईट केस होती, ऐकायला जमेल का?’ एवढं विचारून मग सांग. आणि मैत्रिणीचंही ऐक. ऑफिसात तिला बोलणी बसली असतील, घर बदलायचं असेल. तुझ्यासमोर दुपारी जनावर दगावलं म्हणून तिचं दुःख लहान होत नाही. मला वाटतं, आपल्या व्यवसायात मैत्री सगळ्यात जास्त इथेच सुटते. आपल्याला आपलंच काम तेवढं जीवनमरणाचं वाटायला लागतं.

झोपेबाबत वाद नको. रात्रपाळी करून शिरवळच्या कॉलेजातून पुण्याला स्कूटीवर यायचं नाही. पन्नासेक किलोमीटरचा हायवे, ट्रक, आणि डोळे मिटणारी तू. एसटी घे आणि त्यात झोप. भेटायची एवढीच ओढ असेल तर मैत्रिणीला म्हणावं, तू शिरवळला ये. गावात रात्री कॉलवर जाताना एकटी जाऊ नकोस. कुणासोबत, कुठल्या वस्तीवर, हे हॉस्टेलमधल्या एकीला लिहून पाठव. पाण्याची बाटली आणि दोन पोळ्यांचा डबा गाडीत असू दे. कॉलवर जेवण मिळेल असं धरून चालू नये.

शेवटी जे सांगायचं ते कदाचित कॉलेजात कुणी बोलणार नाही. या वर्षात तुझ्या हातात जनावरं मरतील. काहींना झोपवण्याचं इंजेक्शन द्यायला तू मदत करशील, आणि त्यानंतर पाच मिनिटांत पुढची केस खोड्यात उभी असेल. रडू आलं तर रड, त्याने तुझी लायकी कमी होत नाही. पण सलग काही आठवडे झोप लागेना, जेवण जाईना, कुणाचाच फोन घ्यावासा वाटेना, तर ती नुसती दमणूक समजू नकोस. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या अभ्यासांत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त दिसलं आहे. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. मदत मागायला उशीर करू नये, एवढ्यासाठी सांगते. तुझ्या सीनियरांपैकी ज्यांच्याशी बोलता येतं असे एक जण पहिल्या महिन्यातच हेरून ठेव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. फोन फुकट लागतो, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच साठवून घे. माझा तर आहेच तुझ्याकडे. रात्री कितीही वाजता कर, मी उचलते.