लंडनच्या खंदकांतील तांबडीं फुलें

इतिहासाच्या पुस्तकांत युद्धाच्या प्रकरणाशेवटीं मृतांचा आंकडा दिलेला असतो. विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करितात आणि पुढें विसरतात. हा दोष सर्वस्वी त्यांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मोठा आंकडा मनश्चक्षूंस दिसतच नाहीं. तो कसा दाखवावा, याचा एक धडा सन २०१४ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें आम्हांस पाहावयास मिळाला. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

टॉवर हा टेम्स नदीच्या कांठचा प्राचीन किल्ला. त्याचा खंदक एकोणिसाव्या शतकांत कोरडा करण्यांत आला. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां याच खंदकांत नव्या रंगरुटांनीं भरतीची शपथ घेतली होती. त्यास शंभर वर्षें झालीं म्हणून पॉल कमिन्स या कलावंतानें, टॉम पायपर या नेपथ्यकाराच्या साह्यानें, तेथेंच एक स्मारक रचिलें. हातानें घडवून भट्टींत भाजलेलीं मातीचीं तांबडीं फुलें पोलादी काड्यांवर बसवून खंदकांत रोविलीं. ब्रिटन व त्याच्या वसाहती यांच्या सैन्यांतील प्रत्येक मृतामागें एक, अशीं तीं फुलें ८,८८,२४६ होतीं.

हें फूल पॉपीचें, म्हणजे आपल्या खसखशीच्या जातीचें. त्याचें बीं जमिनींत अनेक वर्षें निजून राहतें आणि माती उकरली जाऊन उजेड लागला म्हणजे रुजतें. तोफांनीं नांगरलेल्या फ्रान्स-बेल्जमच्या रणभूमीवर तें दाट फुललें, म्हणून तें मृतांची खूण ठरलें.

कठड्याशीं उभे राहून आम्ही मोजूं लागलों. शंभराच्या आंतच नजर चुकली. विद्यार्थ्यांनो, हिशेब करून पाहा: सेकंदास एक याप्रमाणें अहोरात्र मोजिलें तरी हीं फुलें संपण्यास दहा दिवसांहून अधिक काळ लागेल. सायंकाळीं तेथें १८० मृतांचीं नांवें वाचण्यांत आलीं व शेवटीं बिगुल वाजलें. रोज इतकींच नांवें वाचिलीं तर सर्वांची पाळी येण्यास साडेतेरा वर्षें लागतील!

तीं नांवें ऐकतांना आमचें मन आपल्या शिपायांकडे गेलें. त्या युद्धांत हिंदुस्थानचे ७४,००० हून अधिक लोक मेले. फ्रान्समध्यें नव्ह-शापेल येथील स्मारकावर त्यांपैकीं ४,७०० हून अधिकांचीं नांवें आहेत. परंतु मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, जेथें कूतच्या वेढ्यांत (१९१५-१६) मराठा पलटणींनीं उपासमार सोसली, तेथील बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं, साध्या शिपायांची केवळ संख्या! कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगानें या भेदभावाबद्दल २०२१ सालीं जाहीर क्षमा मागितली.

लंडनमधील शेवटचें फूल ११ नोव्हेंबर २०१४ रोजीं एका तेरा वर्षांच्या कॅडेटनें लाविलें. मग फुलें काढण्यांत आलीं. बहुतेक विकून आलेला पैसा सैनिकांच्या साह्यार्थ दिला गेला. आज खंदकांत तीं नाहींत.

आपल्याकडे साताऱ्या-रत्नागिरीच्या कांहीं गांवांत एक लहान शिलालेख आढळतो: या गांवांतून इतके इसम महायुद्धास गेले, पैकीं इतके मेले. तेथेंही नांव नाहीं. वर्गांत हजेरी घेतांना आम्ही "हजर किती?" एवढेंच विचारून थांबत नाहीं, एकेकाचें नांव घेतों, आणि जो ओ देत नाहीं त्याची चौकशी करितों. तीच चौकशी या सुटींत विद्यार्थ्यांनीं करावी. आजोबा-आजींस विचारावें, घरांतील जुनें पदक किंवा पेन्शनचा कागद पाहावा, आणि मिळेल तें नांव वहींत लिहून शाळेंत आणावें. पालकांनींही यास साह्य करावें अशी आमची विनंती आहे. कारण हीं नांवें ज्यांना ठाऊक आहेत, तीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.