कोरे सोडलेले 38 गोल

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत मी साडेपाच गुणांनी राहिले. अभ्यास कमी पडला म्हणून नाही. "शंभर टक्के खात्री असेल तरच गोल रंगवायचा" हा क्लासमधला नियम मी तंतोतंत पाळला म्हणून. कुणी हळहळावं यासाठी हे लिहीत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आजही हाच सल्ला एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जातोय आणि दरवर्षी चांगली मुलं त्यात फसतात, म्हणून लिहितेय.

सर शिकवायचे चांगलं, ते मी नाकारत नाही. राज्यघटना मला त्यांच्यामुळेच आवडायला लागली. पण प्रत्येक टेस्टनंतर त्यांचं एकच पालुपद असायचं: निगेटिव्ह म्हणजे विहीर आहे, अंदाजाने उडी मारायची नाही. एकदा मी 81 प्रश्न सोडवले तेव्हा सगळ्या बॅचसमोर त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलून दाखवली आणि "हे धाडस घरी ठेवून या" म्हणाले. त्या टेस्टमध्ये माझे गुण वर्गात चौथे होते, हे कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. त्यांचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने, तारीख घालून लिहून ठेवलं.

परीक्षेत 100 पैकी 62 सोडवले, 38 कोरे. मात्र एक सवय माझी स्वतःची होती. प्रश्न सोडतानाही मन जिकडे झुकतं त्या पर्यायाच्या आकड्याशेजारी मी प्रश्नपुस्तिकेत पेनाचं बारीक टिंब द्यायची, म्हणजे वेळ उरलाच तर परत बघता यावं. वेळ उरला होता, 20 मिनिटं. मी परत बघितलंही. गोल मात्र रंगवला नाही.

आयोगाची उत्तरतालिका लागली त्या रात्री रूममेट झोपली होती. टेबललॅम्पखाली उत्तरपत्रिकेची माझ्याकडची प्रत आणि प्रश्नपुस्तिका ठेवून मी जुळवायला बसले. आधी रंगवलेले गोल: 48 बरोबर, 14 चूक. गुण 89. आता कटऑफची वाट बघायची, असं म्हणून मी पुस्तिका मिटणार होते, तेवढ्यात घटनेच्या भागांचा तो जोड्या लावायचा प्रश्न दिसला.

एका बाजूला भाग 4अ, 9, 9अ, 9ब. दुसऱ्या बाजूला नगरपालिका, मूलभूत कर्तव्ये, सहकारी संस्था, पंचायती. 4अ म्हणजे कर्तव्ये आणि 9 म्हणजे पंचायती, हे झोपेतही सांगितलं असतं. एवढ्यावर दोन पर्याय गेले. उरलेल्या दोघांत फरक फक्त 9अ आणि 9बच्या अदलाबदलीचा. आमचे अण्णा गावच्या विकास सोसायटीचे संचालक. 97व्या घटनादुरुस्तीवरची त्यांची चर्चा ओट्यावर बसून मी ऐकलेली, ती 2011 सालची. नगरपालिकांची 74वी, 1992 सालची. जे आधी आलं त्याला अ, नंतर आलं त्याला ब. परीक्षा हॉलमध्ये मी हे सगळं मनातल्या मनात मांडलं होतं, टिंब बरोबर पर्यायापाशी दिलं होतं, आणि "पण नक्की वाचलेलं आठवत नाही" म्हणून गोल कोरा ठेवला होता.

मग मी सगळी टिंबं मोजली. 38 पैकी 22 प्रश्नांत माझे दोनच पर्याय उरले होते. त्या 22 पैकी 14 टिंबं बरोबर. चौदा दुणे 28, आठ चुकांचे 4 वजा, म्हणजे 24 गुण मी हॉलमध्ये ठेवून आले होते. पुढे कटऑफ लागला आणि कमी पडले साडेपाच. हळदीचे पैसे घरी न ठेवता अण्णांनी क्लासची फी भरली होती. त्यांना फोनवर काय सांगायचं, हेच सुचेना.

हिशोब कुणालाही करता येण्यासारखा आहे. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. दोन पर्याय उरलेत आणि तुम्ही नाणेफेक केली तरी अशा दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक: हातात दीड गुण. कोरे सोडले तर शून्य. मला 22 पैकी 14 ऐवजी फक्त 11 लागले असते तरी साडेसोळा गुण मिळाले असते. पाचात एक उत्तर लागलं की नफा-तोटा बरोबरीत येतो. पूर्वी राज्य लोकसेवा आयोग एक तृतीयांश कापायचा, केंद्रीय लोकसेवा आयोग आजही तेवढंच कापतो. तिथे चारात एक लागावं लागतं. म्हणजे जुन्या नियमातही दोनातला एक निवडणं फायद्याचंच होतं. सरांचा सल्ला कुठल्याच काळात बरोबर नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. भांडायला नाही, निदान पुढच्या बॅचला तरी वेगळं सांगा, एवढंच म्हणायला. ते म्हणाले, "ताई, मी असं सरसकट कधीच म्हटलेलं नाही. तुमचा अभ्यासच काठावरचा होता." मी लाल अक्षरांतलं पान उघडलं. त्यांनी बघितलं आणि मोबाइल कानाला लावला. महिन्याभराने मैत्रिणीबरोबर नव्या बॅचच्या पहिल्या तासाला दाराशी उभी होते, तर आतून आवाज येत होता: 90च्या खाली अटेम्प्ट नको! तेही हिशोब न मांडताच. चूक झाली हे एका वाक्यात कबूल केलं असतं तर माझ्या मनात त्यांच्याबद्दल आज काही राहिलं नसतं.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते. प्रत्येक सराव पेपरला प्रश्नापुढे तीन खुणा करते: पक्का, दोनातला, निव्वळ अंदाज. तपासताना तिन्हींचे निकाल वेगवेगळे मोजते. दहा पेपरांत माझे 'दोनातले' शंभरात साठच्या आसपास लागतात, हे कळलं आणि हात थरथरायचा थांबला. तुमचा आकडा वेगळा निघेल, तो तुमचा तुम्हीच काढा, दुसऱ्याचा वापरू नका. निव्वळ अंदाजात पाव कापण्याच्या नियमाने नावापुरता फायदा निघतो, पण तो इतका बारीक की मी त्याच्या नादी लागत नाही.

शब्दांवरून उत्तर ओळखायच्या युक्त्या सोडा. 'केवळ' किंवा 'सर्व' असलेलं विधान चूक, असं आम्हाला शिकवलं होतं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत संसदेचे आणि विधानसभांचे केवळ निवडून आलेले सदस्य मतदान करतात, या विधानाचं काय करणार? विषय माहीत नसला की युक्ती बुडवते. 'अयोग्य विधान ओळखा' मधल्या 'अयोग्य'ला आधी गोल करा. मराठी वाक्य अडलं तर खालचं इंग्रजी वाचा. निम्म्या वेळा तिथेच उलगडा होतो.

"पहिलं उत्तर बदलू नका" हेही असंच एक. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रुगर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या 1,500 हून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. चुकीचं बरोबर झालेली उत्तरं, बरोबरचं चूक झालेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. आपल्याकडे पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही, म्हणून विचार पुस्तिकेतच पुरा करा, आणि दर दोन पानांनी गोल रंगवा. शेवटच्या दहा मिनिटांसाठी सगळे राखून ठेवलेल्या एका मुलीची ओळ सरकलेली मी शेजारच्या बाकावर बघितली आहे. पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, तेही लोक सोडून येतात. रात्री नीट झोपा, घड्याळ साधं घाला, हे सगळे सांगतातच.

पुढच्या वर्षी मी 88 सोडवले आणि मुख्य परीक्षेला बसले. 22 टिंबांची ती पुस्तिका टाकून दिलेली नाही. परवा अभ्यासिकेत माझ्याच हिंगोलीकडची एक मुलगी "खात्रीचे पन्नासच सोडवायचे ना, ताई?" असं विचारत आली. मी तिला ती पुस्तिका दिली आणि त्या 22 प्रश्नांचे गुण स्वतः मोजून ये म्हणून सांगितलं.