हबच्या आधी स्विचबोर्ड उघडा

दुकानात स्मार्ट उपकरणांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अलेक्सावर चालतं, मग काय हवं?’ चालतं खरं, पण कोणत्या रेडिओवर चालतं, यावर तुमचं बिल ठरतं. आज बाजारात मुख्यतः वाय-फाय, झिगबी, थ्रेड आणि झेड-वेव्ह अशा चार पद्धतींची उपकरणं मिळतात. वाय-फायला घरातला राउटर पुरतो. बाकीच्यांना त्यांचा रेडिओ असलेलं एक यंत्र मध्ये लागतं, तोच हब.

ऑक्टोबर 2022 मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक आलं आणि एकच बल्ब अ‍ॅपल, गुगल, अ‍ॅमेझॉन या तिन्हींना जोडता येऊ लागला. पण मॅटर हा काही वेगळा रेडिओ नाही, ते वाय-फायवरून किंवा थ्रेडवरून चालतं. खोक्यावर मॅटरचं चिन्ह दिसलं तरी बारीक अक्षरांत थ्रेड लिहिलंय का, ते वाचा. लिहिलं असेल तर ‘थ्रेड बॉर्डर राउटर’ हवा. अ‍ॅपलच्या होमपॉड मिनी स्पीकरमध्ये तो असतो, पण किंमत दहा-अकरा हजारांच्या घरात. जुनं झिगबी उपकरण थेट मॅटरमध्ये येत नाही, त्याला ब्रिज लागतो. फिलिप्स ह्यूच्या दिव्यांसाठी ह्यूचा ब्रिज ते काम करतो. अ‍ॅमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या मोठ्या इको स्पीकरमध्ये झिगबीचा हब होता, त्याच पिढीच्या छोट्या डॉटमध्ये नाही. दोघांचंही नाव ‘इको’च, त्यामुळे घोटाळा इथेच होतो.

आता खर्च. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दिवे, पंखे आणि गीझर एवढंच हवं असेल तर हब घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. वाय-फाय बल्ब साधारण पाचशे ते नऊशे, गीझरसाठी 16 अँपिअरचा प्लग हजार-दीड हजार. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तेव्हा 10 अँपिअरच्या प्लगवर त्याला रोज तापवणं धोक्याचं. बल्बपेक्षा स्विचमागे बसणारं मॉड्यूल बरं. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. बटण बंद झालं की स्मार्ट बल्बही मेला. चार बटणांचं मॉड्यूल दोन ते चार हजार, वर इलेक्ट्रिशियनची मजुरी. पंख्याचा वेग हवा असेल तर रेग्युलेटरसह असलेलंच मॉड्यूल मागा.

मॉड्यूलला बहुधा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे ती असतेच. अडचण येते ती नुसती बटणं असलेल्या बोर्डात आणि पलंगाजवळच्या टू-वे स्विचमध्ये. म्हणून ऑर्डर देण्याआधी मेन बंद करवून इलेक्ट्रिशियनकडून एक बोर्ड उघडून घ्या. नंतर ओढलेली वायर म्हणजे फोडलेली भिंत आणि पुन्हा रंग.

हबचे पैसे वसूल होतात ते दाराचे आणि हालचालीचे सेन्सर लावायचे असतील तेव्हा. वाय-फाय सेन्सरची बॅटरी लवकर संपते, झिगबी सेन्सर एका बटण-सेलवर वर्षभर किंवा जास्तही चालतो. कॉम्प्युटरची आवड असेल तर ‘होम असिस्टंट’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि दोन-तीन हजारांचा झिगबी डोंगल पुरेसा; त्यासाठी सतत चालू राहणारा छोटा संगणक मात्र वेगळा घ्यावा लागतो. फायदा असा की कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी दिवे लागतात. अमेरिकेत रिव्होल्व्ह नावाचा हब 2016 मध्ये कंपनीनेच बंद केला आणि लोकांकडे नुसती डबी उरली.

राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ एकाच नावाने दाखवत असेल तर बरीचशी स्वस्त उपकरणं जोडताना अडतात, कारण त्यांना 2.4 च कळतं. इंटरनेटवाल्याला फोन करून दोन नावं वेगळी करून घ्या.

आणि न्यू जर्सीहून भाऊ सेलमधली झेड-वेव्ह उपकरणं पाठवतो म्हणाला, तर नको म्हणा. तिकडची 908 मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतासाठी ठरलेली वारंवारता 865 च्या आसपास आहे. तिकडचे प्लगही 120 व्होल्टचे.