हरणांसाठी फीडर बसवावा का?

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या बाहेर, पाच एकर जागेतलं घर घेतलं. मागच्या बाजूला झाडी आहे. संध्याकाळी हरणं दिसतात, पण लांबून. शेजारी म्हणतात, मक्याचा फीडर बसवा, आठवड्याभरात हरणं अंगणात येतील. सासूबाईंना वाटतं, एवढ्या बर्फात मुक्या जनावराच्या तोंडी घास पडला तर चांगलंच. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला हरणं जवळून बघायची आहेत. फीडर घ्यावा की दुसरा काही मार्ग आहे?

उत्तर : फीडर घेऊ नका. हरणं येणार नाहीत म्हणून नव्हे. ती नक्की येतील. तिपाईवर पिंप असतं, त्याखाली टायमरवर चालणारी चकती. ठरल्या वेळी चकती गरगरते, मका चहूकडे उडतो आणि थोड्याच दिवसांत हरणं त्या आवाजासरशी हजर होऊ लागतात. अडचण तिथूनच सुरू होते. एरवी व्हाइट-टेल हरीण चालता चालता खातं. इथली एक कळी खुडली, तिथली दोन पानं, पुढे ओकची चार फळं, की निघालं. फीडरखाली मात्र तेवढ्याच जमिनीवर रोज दहा तोंडं एकमेकांच्या लाळेत आणि लेंड्यांत चरतात.

तुमच्या भागात तर हे फारच गंभीर आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे, संशोधनासाठी पाळलेल्या हरणांमध्ये प्रथम लक्षात आला. 2002 च्या फेब्रुवारीत तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला तो माउंट होरेबजवळ, मॅडिसनहून गाडीने अर्ध्या तासावर. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला जंगली हरणांमधली ती पहिली नोंद. याला ना जंतू कारण ना विषाणू. प्रायॉन नावाचं, घडी बिघडलेलं प्रथिन मेंदूची चाळण करतं. लागण झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षं हरीण धडधाकट दिसतं, पण त्या काळातही त्याच्या लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून प्रायॉन बाहेर पडत असतात. ते उकळून मरत नाहीत आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे फीडर उद्या काढला, तरी त्याखालची माती तशीच राहते. रोगाला लस नाही, औषध नाही, आणि लागण झालेलं हरीण वाचत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे.

म्हणूनच विस्कॉन्सिनमध्ये रोग सापडलेल्या आणि त्यांना लागून असलेल्या काउंट्यांत हरणांना खाणं टाकायला बंदी असते. मॅडिसनची डेन काउंटी त्यात आहे. जिथे परवानगी आहे तिथेही घराजवळ, एका वेळी दोन गॅलनपर्यंतच खाणं ठेवता येतं. मिठाच्या विटेलाही हेच लागू. ती तर सगळ्यांनी चाटायचीच वस्तू. दुकानात बाटलीतून मिळणारा हरणांच्या मूत्राचा वासही आणू नका.

सासूबाईंची कळकळ मला समजते, म्हणून त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. गाईने चुकून धान्याच्या पोत्यात तोंड घातलं तर काय होतं, हे गावाकडच्या कुणालाही विचारा. हरीणही रवंथ करणारंच. हिवाळ्यात त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव काड्या आणि कळ्या पचवायला तयार झालेले असतात. अचानक भरपूर मका गेला की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरू शकतं. बर्फाळ प्रदेशातलं हरीण शरद ऋतूत चरबी साठवतं, दाट केसांचा कोट चढवतं, हालचाल कमी करतं आणि त्यावर थंडी काढतं. त्याला आडोसा लागतो, लोकांनी त्रास न देणं लागतं.

आता तुमची पाच एकरं. आधी झाडीत फिरून काय आहे ते बघा. पांढरा ओक किंवा बर ओक असेल तर तो जपा. पांढऱ्या ओकच्या फळात टॅनिन कमी, त्यामुळे हरणं तेच आधी वेचतात. नवा ओक फळायला निदान वीस वर्षं घेतो, म्हणून असलेल्या झाडाभोवतीची गर्दी कापून त्याला ऊन मिळू देणं जास्त शहाणपणाचं. बहुधा ती गर्दी बकथॉर्नची असेल. परदेशातून आलेलं हे झुडूप उशिरापर्यंत पानं धरून ठेवतं आणि खाली काही उगवू देत नाही. ते काढा. त्या जागी लाल फांद्यांचं डॉगवुड आणि रानसफरचंद लावा, पण प्रत्येक रोपाभोवती तारेची जाळी हवीच, नाहीतर पहिल्याच थंडीत हरणं ते संपवतील. लॉनचा झाडीलगतचा पट्टा कापायचं थांबवा. हरणांना मोकळं आणि दाट यांच्यामधली कड आवडते. तिथे चालून आलात की अंगावर गोचीड तपासा. लाइम रोग तुमच्याकडे बराच आहे.

मुलीला हरणाआधी त्याच्या खुणा वाचायला शिकवा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेल्या काडीचं टोक फाटल्यासारखं, धागे निघालेलं दिसतं. सशाने खाल्लेली काडी सुरीने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोवळ्या खोडांची साल सोललेली दिसेल. ते नरांनी शिंगं घासलेली. अशा वाटेवर एक ट्रेल कॅमेरा बांधा. मग कुठल्या वेळी, कुठल्या खिडकीतून बघायचं ते तिचं तीच ठरवेल.

हे वाचून पेंच किंवा ताडोबाजवळ शेत असलेल्या कुणाला चितळांसाठी मका टाकावासा वाटला तर त्यांनीही थांबावं. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. शिवाय मक्याला आधी रानडुकरं येतील, चितळांमागे बिबट्या येईल, आणि शेजारच्याच्या पिकाचं नुकसान होईल ते वेगळंच.

एक शेवटचं. मे-जूनमध्ये गवतात एकटं पाडस पडलेलं दिसेल. मुलीला सांगा, ते अनाथ नाही, हात लावायचा नाही. आई त्याला मुद्दाम लपवून दूर चरते आणि दिवसातून काही वेळा येऊन पाजते. तुम्ही तिथे उभे असाल तर ती येणार नाही, म्हणून लगेच मागे फिरा.