गालीलचें वादळ आणि आमचा समुद्र

आमच्या शाळेच्या गच्चीवर उभें राहिलें म्हणजे गिरगांवांतील उंच इमारतींच्या फटींतून समुद्राची एक अरुंद पट्टी दिसते. पावसाळ्यांत ती करडी होते, आणि मोठ्या भरतीच्या दिवशीं शास्त्रपाठाच्या तासाला मुलांचें लक्ष पुस्तकापेक्षां खिडकीकडे अधिक असतें. गेल्या आषाढांत अशाच एका दिवशीं आठव्या इयत्तेंत मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय चालू होता. प्रभु येशूच्या चमत्कारांवरून सृष्टीवरील त्याचा ईश्वरी अधिकार कसा प्रकट होतो, हा त्या महिन्याचा विषय. हा विषय आम्ही वीस वर्षें शिकवीत आलों आहों. टिपणें तयार, प्रश्न ठरलेले, उत्तरेंही ठरलेलीं. तरी यंदा तो पाठ जसा झाला तसा पूर्वीं कधीं झाला नव्हता. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठींही तो येथें लिहून काढीत आहों.

प्रथम मूळ गोष्ट. गालीलचा समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवर. लांबी सुमारें २१ किलोमीटर, रुंदी अधिकांत अधिक १३. समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहून अधिक खालीं, डोंगरांनीं वेढलेल्या खळग्यांत तें आहे. वरचा थंड वारा दऱ्यांतून एकाएकीं खालीं उतरला म्हणजे घटकेपूर्वीं आरशासारखें दिसणारें पाणी उसळूं लागतें. त्या काळच्या होड्या कशा होत्या हेंही आतां पुष्कळसें कळलें आहे. १९८६ सालीं अवर्षणामुळें सरोवर ओसरलें असतां काठच्या चिखलांत येशूच्या काळच्या सुमाराची एक होडी सांपडली. ती सुमारें ८ मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद आहे. आमच्या वर्गाची खोली तिच्याहून बरीच ऐसपैस आहे, हें मुलांनीं मोजपट्टीनें मोजून पाहिलें.

अशा होडींत शिष्य संध्याकाळीं निघाले. दिवसभर लोकांस शिकवून थकलेला येशू मागच्या टोकाला उशीवर डोकें ठेवून झोंपीं गेला होता. शिष्यांपैकीं निदान चौघे धंद्यानें मासेमार, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. किनाऱ्यावरचा मनुष्य लाट पाहून घाबरला तर त्यांत विशेष नाहीं. पण ससून डॉकचा तांडेल जेव्हां हात टेकतो तेव्हां खरोखरच वेळ आलेली असते. त्यांनीं गुरूला उठविलें तें प्रार्थनेच्या स्वरांत नव्हे, तक्रारीच्या स्वरांत. आपण बुडत असतां याला झोंप लागते तरी कशी, असा त्यांचा रोख होता. येशू उठला, त्यानें वाऱ्याला दटाविलें, समुद्राला गप्प राहण्याची आज्ञा केली, आणि सर्व निवांत झालें.

येथें मूळ ग्रीक भाषेंतील एक शब्द पाहण्यासारखा आहे. समुद्राला केलेल्या आज्ञेंत मार्कानें जें क्रियापद योजिलें आहे त्याचा मूळ अर्थ मुसकी बांधणें असा आहे. मळणी चालू असतां बैलाच्या तोंडास मुसकी बांधूं नये असा मोशेच्या शास्त्रांत नियम आहे. त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरांतही हेंच क्रियापद येतें. ज्यांचें गांव घाटावर किंवा कोंकणांत आहे अशा मुलांना मुसकी म्हणजे काय तें सांगावें लागलें नाहीं. दादरला जन्मून दादरलाच वाढलेल्यांना फळ्यावर चित्र काढून दाखवावी लागली. आतां मुसकी कोण बांधतो? बैलाचा धनी. शेजाऱ्याचा बैल खवळला तर आपण बाजूला होतों आणि त्याच्या धन्याला हांक मारतों. धनी येतो आणि नुसत्या आवाजानें त्याला उभा करतो.

जुन्या करारांतील थोर पुरुष असे हांक मारणारे होते. मोशे समुद्रावर हात उगारतो तो देवाच्या आज्ञेनें. एलीया विधवेच्या मुलासाठीं देवाचा धांवा करतो. योनाच्या जहाजावरचे खलाशी आपापल्या देवांना हांका मारून थकतात. येशू मात्र येथें कोणाचा धांवा करीत नाहीं, मंत्र म्हणत नाहीं, हातांत काठी घेत नाहीं. तो थेट वाऱ्याशीं बोलतो. यहूदी शास्त्रांत लाटांना आवरणारा एकच, तो सृष्टिकर्ता परमेश्वर. ईयोबाच्या ग्रंथांत आणि स्तोत्रांत हें पुनःपुन्हां येतें, आणि तीं स्तोत्रें शिष्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेलीं. म्हणून वादळ शमल्यावर त्यांनीं हें कसें केलें असें विचारलें नाहीं. हा आहे तरी कोण, असें विचारलें.

इतकें झाल्यावर एक मुलगी उभी राहिली. "सर, पैठणचा रेडा वेद बोलला आणि आळंदीची भिंत चालली. मग त्यात आणि ह्यात फरक काय?" आमच्या शाळेंत हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनीं येतोच, आणि तो यावा. आम्ही तिला सांगितलें कीं एका धर्माची कथा दुसऱ्या धर्माच्या कथेबरोबर तराजूंत घालून कोणाचें पारडें जड हें पाहणें म्हणजे शास्त्रपाठ नव्हे. १८५७ सालीं ह्याच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे प्रसिद्ध वादविवाद झाले, व जॉर्ज बोवेन यांनीं त्यांचा वृत्तान्त छापून काढला. दोन्हीं बाजूंस तळमळीचीं माणसें होतीं. पण अशा वादांत कोण जिंकला हें बहुधा ऐकणारा घरून कोणत्या पक्षाचा निघाला होता यावरच ठरतें. आम्हांला विचाराल तर भिंतीच्या कथेंतही पाहण्याजोगी गोष्ट भिंत नव्हे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाचा गर्व उतरला, ती आहे. तसेंच शुभवर्तमानांतील चमत्कार वाचतांना तो कशासाठीं केला, आणि कोठें केला नाहीं, हें पाहावें.

न केलेल्या चमत्कारांकडे तर आपलें लक्षच जात नाहीं. रानांत चाळीस दिवस उपाशी असतां दगडांच्या भाकरी करण्याचें येशूनें नाकारलें. पुढें पांच हजार लोक भुकेले असतां जवाच्या पांच भाकरी व दोन मासे एवढ्यांतून सर्वांना जेवूं घातलें, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरून घेतल्या. परूश्यांनीं आकाशांतून चिन्ह दाखव म्हणून धरणें धरलें, तेव्हां तो उसासा टाकून होडींत बसला व निघून गेला. काना गांवच्या लग्नांत सहा दगडी रांजण पाण्यानें भरविले, एकेकांत सुमारें ८० ते १२० लिटर पाणी मावेल एवढे. त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. परंतु तो कोठून आला हें पंक्तीच्या कारभाऱ्याला कळलेंच नाहीं. पाणी वाहणाऱ्या चाकरांना तेवढें ठाऊक. जादूगाराचा खेळ पुढच्या रांगेसाठीं असतो. हा चमत्कार रांजणापाशीं राबणाऱ्या माणसांनीं पाहिला.

शिवाय हीं कामें सृष्टीला परकीं नाहींत. नाशिककडच्या मळ्यांत द्राक्षवेल दरवर्षीं पाण्याचा रस करते. शेतांत एका दाण्याचे कितीतरी दाणे होतात. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून चालू आहे. तेथें डॉक्टर मोडलेलें हाड बसवितात, पण हाड सांधतें तें आपलें आपण, आंतून. आपण सांधलें असें कोणताही डॉक्टर म्हणणार नाहीं. जें काम सृष्टिकर्ता रोज, सावकाश, आपल्या नजरेआड करतो तेंच येशूनें लोकांच्या डोळ्यांदेखत क्षणांत केलें, असें आम्ही समजतों. विज्ञानाचे शिक्षक आमचे स्नेही आहेत. क्षणांत झालें म्हणजे सृष्टीचा नियम मोडलाच, असें ते म्हणतात. नियम घालणारा स्वतः घरांत आला असतां मोडला हा शब्द बसत नाहीं, असें आम्ही म्हणतों. मधल्या सुटींतला चहा संपतो, वाद राहतो.

येथवर सर्व टिपणांप्रमाणें चाललें होतें. तास संपण्यास दहा मिनिटें होतीं. तेव्हां लालबागहून येणारा, एरवीं फारसा न बोलणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझ्या आजीचे वडील रामदास बोटीवर होते. तिथं वारा का नाही थांबला?"

पालकांपैकीं पुष्कळांना ही हकीकत ठाऊक असेल, मुलांना क्वचितच. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या; स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. सणाला घरीं निघालेले कोंकणचे लोक सकाळीं भाऊच्या धक्क्यावर रामदास बोटींत चढले. रेवस बंदर अवघ्या तास-दीड तासाच्या वाटेवर. काशाच्या खडकाजवळ बोट वादळांत सांपडली, उतारू घाबरून एका बाजूला धांवले, बोट कलंडली आणि थोड्याच मिनिटांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळें मुंबईला कितीतरी तास कांहीं कळलेंच नाहीं. त्याच खवळलेल्या समुद्रांत रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून जितकीं सांपडलीं तितकीं माणसें वर काढलीं.

आम्ही काय उत्तर दिलें तें सांगण्यास संकोच वाटतो. "देवाची इच्छा आपल्याला नेहमी कळत नाही," असें म्हणालों, आणि घंटा झाली. मुलगा "होय सर" म्हणून खालीं बसला. उत्तर खोटें नव्हतें; पण दाराशीं आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लोटावें तसें तें झालें, हें आम्हांला जिना उतरतांनाच उमगलें.

पुढच्या महिन्यांत पालकसभेला त्याची आजी आल्या. आम्हीच विषय काढला. वडील गेले तेव्हां त्या चार वर्षांच्या होत्या. ते परळच्या एका गिरणींत साच्यावर होते. प्रेत मिळालें नाहीं. "माझी आई समुद्राला कधी शिव्या देत नसे," आजी म्हणाल्या. "नारळी पुनवेला नारळ वाहायचं तिनं कधी चुकवलं नाही. म्हणायची, समुद्राला काय कळतंय? रागवायचं तर त्याच्या धन्यावर रागवावं. आणि रागवायची हो! देव्हाऱ्यापुढं बसून भांडायची." शिष्यांनींही गुरूला उठविलें तें रागावूनच, हें आम्हांस तेव्हां आठवलें. ग्रीक कोश उघडून जो धनी आम्ही वीस वर्षें फळ्यावर काढून दाखवीत होतों, तो या बाईंच्या आईला कोशावांचून ठाऊक होता.

त्यानंतरच्या तासाला तोच अध्याय पुन्हां उघडला. आमचें पहिलें उत्तर मागें घेतों, असें वर्गाला सांगितलें. बोटीवर संदेशाची सोय नव्हती ही गोष्ट वाऱ्याची नव्हे, माणसांची. तिचा जाब माणसांकडेच मागितला पाहिजे, देवाच्या माथीं मारूं नये. परंतु तेवढ्यानें मुलाचा प्रश्न मिटत नाहीं. येशूच्या मागें जाणाऱ्याची होडी बुडत नाहीं असें शुभवर्तमान कोठेंही म्हणत नाहीं. पौलाचें जहाज तीनदां फुटलें, एक रात्र व एक दिवस त्यानें समुद्रांत काढला. त्यानंतर मिलिता बेटापाशीं, ज्याला आज माल्टा म्हणतात, त्याचें जहाज पुन्हां फुटलें, तेव्हां २७६ माणसें वांचलीं पण जहाज गेलें. गालीलच्या वादळांतून निघालेल्या शिष्यांपैकीं याकोब पुढें हेरोदाच्या तलवारीनें मारला गेला. ज्यानें वाऱ्याला आवरलें त्यानें आपल्या हातांत खिळे ठोकणारांना आवरलें नाहीं. बेथानीस लाजराच्या कबरेपाशीं तो पोंचला तो चार दिवस उशिरां. त्याला उठविण्याचा अधिकार आपल्यापाशीं आहे हें ठाऊक असूनही तेथें तो आधीं रडला.

काशाच्या खडकाजवळ तो अधिकार कां दिसला नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असल्याचा आव आतां आम्ही आणीत नाहीं. एवढेंच मानतों कीं समुद्र हा धनी नव्हे, आणि त्या सहाशें माणसांविषयींचा शेवटला शब्द त्याचा नव्हे. हा विश्वास आहे, सिद्धता नव्हे. तो न मानणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही कापीत नाहीं.

मग त्या लालबागच्या मुलानेंच एक वाक्य शोधून काढलें, जें आम्ही इतकीं वर्षें वाचून पुढें गेलों होतों. त्या संध्याकाळीं येशूच्या होडीबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या असें मार्क सांगतो, आणि पुढें त्यांचें नांवही काढीत नाहीं. त्या बुडाल्या असें तो म्हणत नाहीं. वारा पडला तो त्यांच्यावरचाही पडला असला पाहिजे. त्यांचें पुढें काय झालें यावर वर्गांत बराच वेळ तर्क चालले. कोणी म्हणाला, वादळांतच पांगल्या असतील. कोणी म्हणाला, शांत पाण्यांत वल्हीं मारीत घरीं गेल्या असतील. रेड्याचा प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, वारा आपोआपच थांबला."

हें लिहितों आहों तेव्हां सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे. होडी पलीकडच्या काठाला लागल्यावर गरसेकरांच्या मुलुखांत काय घडलें, आणि तेथल्या लोकांनीं येशूला निघून जाण्याची विनंती कां केली, तो पांचव्या अध्यायाचा पाठ दिवाळीच्या सुटीनंतर घेऊं.