शिशाच्या गोळ्या घरी ओतायच्या, तर काडतूस कोणते?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. रायफलच्या गोळ्या स्वतः ओतून काडतुसे भरण्याचा छंद सुरू करायचा आहे. मोठ्या व्यासाचे कोणते काडतूस घ्यावे? .४५-७० की .४५८ विंचेस्टर मॅग्नम?

उत्तर : बेधडक .४५-७० घ्या. अमेरिकी सैन्याने ते १८७३ मध्ये स्वीकारले, तेव्हा त्यात ४०५ ग्रेनची शिशाचीच गोळी होती. म्हणजे ओतीव गोळी हा त्याचा मूळ स्वभाव. दाब कमी, वेग बेताचा, त्यामुळे नळीत शिसे साचण्याचा त्रास कमी. १९५६ चे मॅग्नम मोठ्या शिकारीसाठी घडवले. त्याचा धक्का नवशिक्याच्या खांद्याला सोसत नाही.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मार्गदर्शक पुस्तकांत .४५-७० च्या भरण्याचे तीन तक्ते असतात : जुन्या ट्रॅपडोअर रायफलींसाठी, लिव्हर रायफलींसाठी आणि रुगर नं. १ सारख्या भक्कम रायफलींसाठी. तिसऱ्या तक्त्यातला भरणा ट्रॅपडोअरमध्ये घातला, तर रायफल फुटू शकते.

ओतताना गोळीकडे बघा. अंगावर सुरकुत्या असतील तर साचा थंड आहे. दहिवर पडल्यासारखी पांढुरकी दिसली तर जास्त तापलाय. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडता कामा नये, शिसे उसळून अंगावर येते. काम मोकळ्या हवेत करा, चष्मा लावा, हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

आणि भारतात गावी येताना एकही काडतूस सामानात राहिले नाही ना, हे तपासा. भारतात विनापरवाना काडतूस बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.