रुग्णसेवा आणि संगणकावरील नोंद

अतिसाराने अंथरुणाला खिळलेल्या एका भिक्खूची तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः शुश्रूषा केली, ही विनयपिटकातील महावग्गाची कथा आपण विहारात ऐकलेली असते. पण त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच आणि चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत, त्यांकडे आपले लक्ष कमी जाते. शुश्रूषकाला पथ्य व अपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये. रुग्णानेही दुखणे वाढले, उतरले की तसेच आहे, हे खरे सांगावे. या खऱ्या सांगण्यालाच आज आपण रुग्णनोंद म्हणतो. ती कागदाऐवजी संगणकावर ठेवल्याने काय साधते व काय बिघडू शकते, याचा येथे विचार करू.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खाजगी इस्पितळ. अमेरिकेत मात्र या शब्दाने वृद्ध व अपंग माणसे दीर्घकाळ जेथे राहतात ते शुश्रूषागृह समजले जाते. तेथील शुश्रूषागृहांतील हेळसांडीची बरीच चर्चा झाल्यावर १९८७ साली कायदा झाला. सरकारी योजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहाने प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी करावी, असे बंधन आले. चालणे, जेवणे, स्मरणशक्ती, मनःस्थिती, लघवीवरील ताबा, अंगावरील जखमा हे सारे त्यात येते. प्रवेशानंतर १४ दिवसांत पहिली नोंद, दर तीन महिन्यांनी आढावा आणि वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी, असा तो क्रम आहे. १९९८ पासून ही माहिती संगणकाद्वारे सरकारकडे जाऊ लागली. पुढे २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदींसाठी इस्पितळांना व डॉक्टरांना मोठे अनुदान मिळाले. पण शुश्रूषागृहे त्यातून वगळली गेली. ज्यांना स्वतःचे सांगता येत नाही, त्यांचीच व्यवस्था मागे राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संगणकीय नोंदीचे फायदे कोणते?

१) पाळी बदलताना नव्या परिचारिकेला मागची सर्व हकीकत एका जागी मिळते.

२) वृद्धांना एकाच वेळी अनेक औषधे चालू असतात. एखादे औषध दुसऱ्याशी जुळत नसेल किंवा रुग्णाला त्याची ॲलर्जी असेल, तर चांगली प्रणाली आधीच सूचना देते.

३) वजन हळूहळू उतरत असेल, तर रोजच्या पाहण्यात ते ध्यानात येत नाही, आकडे ओळीने समोर आले की दिसते.

४) रुग्णाला इस्पितळात हलविताना त्याचा इतिहास त्याच्यासोबत जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळोवेळी बदलावी लागते, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. 'कूस बदलली' या चौकटीत खूण करणे सोपे असते; म्हणून प्रत्यक्ष कूस बदललीच असे होत नाही. कालची नोंद उचलून आज चिकटविणे तर त्याहून सोपे. आम्ही बँकेत काम करणारी माणसे हे जाणतो. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी, स्वतःचा पासवर्ड कोणालाही देऊ नये, हे नियम माणसावर अविश्वास म्हणून नसतात. जबाबदारी कोणाची ते कळावे म्हणून असतात. रुग्णाच्या बाबतीत खोट्या नोंदीची किंमत पैशात मोजता येत नाही.

आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे आणि त्यावरील माहिती रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्याला पाहता येते. म्हणून मोबाईलवर आलेला ओटीपी विचारल्याबरोबर सांगून टाकू नये. कशासाठी हवा ते आधी विचारावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हेही आपल्या वस्तीतील प्रत्येक घराला माहीत असावे. आपली अनेक माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेले कागद घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात आणि त्याच तपासण्यांचा खर्च पुन्हा करतात.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील व शेजारच्या वृद्धांचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची नावे व ॲलर्जी यांची तारीखवार फाईल लावून द्यावी. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी रुग्णाला पाहून मगच नोंद करावी, पडद्याकडे पाहून नव्हे. संगणक स्मरण ठेवील. करुणा माणसालाच ठेवावी लागेल. खरे बोलणे हे शील आहे, तसे खरे लिहिणे हेही शीलच आहे, असे आम्हास वाटते.

नमो बुद्धाय! जयभीम!